एका दिवशी एकच झाड

स्वीटीचा फोन आला तेव्हा वर्षालीच्या उजव्या हाताला वरणभात लागलेला होता आणि छकुलीनं पहिलाच घास गालात धरून ठेवला होता. फोन तिनं डाव्या हातानं उचलला, कानाशी खांद्यानं दाबला. स्वीटी म्हणजे सुंदराबाईची मुलगी. हिंगणीच्या पलीकडे जंगलाला लागून उईक्यांची दहा-बारा घरं आहेत, तिथून फोन करायचा तर तिला टेकाडावर चढून यावं लागायचं, आणि वर आल्यावर ती आधी धाप टाकत हसायची, मग बोलायची. आज हसली नाही. "ताई, तुमच्या सिनेमातला फोटो साहेबाच्या टेबलावर हाये," ती म्हणाली. "कागदावर काढला. आईच्या तोंडाभोवती लाल पेनानं गोल केला." मग तिनं भराभर सांगितलं ते असं, की आठ दिवसांमागे डोंगरावर आग लागली, कोणी लावली कोणाला ठाऊक नाही, आणि जंगलखात्याच्या साहेबानं मोबाइलवर वर्षालीच्या सिनेमाचा तुकडा पाहिला. त्यात आई मोहाखाली पाला पेटवताना दिसते. खाली आईचं नाव, गावाचं नाव. तीन दिवस झाले, आईला रोज सकाळी ऑफिसात बोलावतात, बाकावर बसवतात, दिवस मावळला की सोडतात. कबुलीच्या कागदावर अंगठा मागतात. आई देत नाही. आणि मोहाची फुलं पडून राहिली आहेत. सकाळी वेचली नाहीत तर दुपारी त्यांत काही राहत नाही, हे ताईंना ठाऊकच आहे.

छकुलीनं घास गिळला आणि तोंड उघडलं. वर्षालीनं दुसरा घास दिला. नंतर कितीतरी वेळ तिला स्वतःची लाज वाटत राहिली ती एकाच गोष्टीची, की लाल गोल म्हटल्याबरोबर तिच्या मनात पहिला विचार आला तो कोणती फ्रेम असेल याचा. आली तीही लगेच: सुंदराबाई उकिडवी बसली आहे, खालून उजेड, कपाळावरचं गोंदण तांबूस झालेलं, मागं सगळं निळसर. ट्रेलरमध्ये ती नऊ सेकंद होती. कागदावर चांगली उठली असेल, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि हातातला भात तिनं ताटलीत परत टाकला.

आठ वर्षं ती नागपूरला एका तेलाच्या कंपनीत होती. खाण्याचं तेल, पिशवीतलं. शेवटी शेवटी विदर्भाचं सगळं मार्केटिंग तिच्याकडे होतं, आणि सहा जिल्ह्यांतल्या गावांच्या भिंती तिनं पिवळ्या करून टाकल्या होत्या. अजूनही एसटीतून जाताना एखाद्या शाळेच्या मागच्या भिंतीवर तो पिवळा रंग पोपडे सुटलेला दिसला की ती मान फिरवते. नोकरी सोडली त्याचं कारण लोक विचारत, आणि ती दरवेळी वेगळं सांगे, कारण खरं कारण फार बारीक होतं. सेलूकडच्या एका गावात कंपनीच्या जाहिरातीचं शूटिंग होतं. चुलीपुढं बसलेल्या एका बाईनं तेलाची पिशवी हातात धरून हसायचं होतं. ती बाई चौदा वेळा हसली. मुंबईहून आलेला दिग्दर्शक दरवेळी गोड आवाजात म्हणायचा, ताई, एकदा परत, आणि ती बाई दरवेळी पदर सारखा करून परत हसायची. पंधराव्या वेळी तिच्या गालांचे स्नायू नुसते वर गेले, डोळे जागच्या जागी राहिले, आणि दिग्दर्शकानं टाळ्या वाजवल्या. वर्षालीच्या हातात त्या दिवसाचा कागद होता. त्यावर कॅमेरामनचं नाव होतं, मेकअपवाल्याचं होतं, जेवण आणणाऱ्या हॉटेलाचंसुद्धा होतं. त्या बाईच्या रकान्यात लिहिलं होतं: गावची बाई, एक. तिनं बाईजवळ जाऊन नाव विचारलं. बाई हसली, सोळाव्यांदा, आणि म्हणाली, नावाचं काय करता बाई, झालं ना तुमचं काम. तीन महिन्यांनी वर्षालीनं राजीनामा दिला. ती जे काही काढेल त्यात माणसाला नाव असेल, गाव असेल, आणि कोणाला काहीही दुसऱ्यांदा करायला सांगितलं जाणार नाही, असं तिनं तेव्हा कोणाला बोलून दाखवलं नव्हतं; पण पायात काटा मोडून राहावा तसं ते तिच्या आत राहून गेलं होतं.

अल्लीपूरला तिची सासू, जयवंताबाई, नोकरी सोडल्याचं ऐकून चिडली नाही. नुसती हैराण झाली. "सोडली त्याचं काई नाई," ती म्हणाली, "पण लोकायले सांगू काय? सिनेमा काढते म्हणलं तं हिरो कोण हाये म्हणून पुसतात. मोहाचं झाड हाये म्हणलं तं हसून राह्यले सगळे." वर्षालीही तेव्हा हसली होती. छकुली पोटात होती. तिचा नवरा धनंजय सावंगीच्या दवाखान्यात ऑफिसच्या कामाला होता, दोन खोल्यांचं घर होतं, पुरत होतं. छकुली सहा महिन्यांची झाली आणि मोह फुलायला आला, तेव्हा तिनं एका खांद्यावर कॅमेरा आणि दुसऱ्यावर पोर घेऊन हिंगणीची एसटी धरली.

दुपारी धनंजय जेवायला आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तो भाजीत बोट फिरवत ऐकत राहिला. मग म्हणाला, व्हिडिओ उतरवून टाक ना, एवढंच ना. ती म्हणाली, त्यांनी कागदावर काढला आहे. तो म्हणाला, तरी उतरव, आणि तिकडे जाऊ नको, गेलीस की तुझंही नाव लिहितील, पोर लहान आहे. त्याच्या बोलण्यात चुकीचं काहीच नव्हतं, आणि त्याचाच तिला संताप आला. सगळ्या जगाच्या बोलण्यात चुकीचं काही नव्हतं. साहेबाच्याही नसणार. आग लागली आहे, आग लावणारी बाई सिनेमात आहे, नाव खाली लिहिलेलं आहे. चूक कुठं आहे. पुण्याला सिनेमा दाखवला तेव्हा शेवटी पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आलं होतं: सुंदरा उईके, आणि तिची झाडं, सासूचा मोह, वाकडा मोह, दोन बहिणी, आणि ते वाचून लोक उभे राहिले होते. कोणीतरी माइक हातात देऊन विचारलं, हे सगळं इतकं सहज कसं टिपलंत? आणि ती, दूध दाटून आल्यामुळं ब्लाउज ओला झालेला, पदर पुढं ओढून म्हणाली होती, मी काहीच घडवून आणलं नाही, फक्त थांबले. टाळ्या झाल्या होत्या. टाळ्यांचा तो आवाज आता तिच्या कानात परत आला आणि त्याच्या खाली आणखी एक आवाज होता, बारीक, जो तिला नीट ऐकू येत नव्हता, किंवा येऊ द्यायचा नव्हता.

धनंजय गेला. छकुली झोपली. ती झोपली की सव्वा तास मिळतो. सबंध सिनेमा वर्षालीनं अशाच सव्वा-सव्वा तासांत जोडला होता, एका कानात हेडफोन आणि दुसरा कान पाळण्याकडे. लांबलेलं काही बघायला वेळच नसायचा. जिथं काही घडत नाही तिथं ती पुढं ढकलायची. आज तिनं कपाटातून हार्ड डिस्क काढली आणि त्या पहाटेचा फोल्डर उघडला. मोह वेचायच्या आधी झाडाखालचा पाला काढावा लागतो, नाहीतर पडलेलं फूल दिसत नाही. पाला इतका असतो की तो तिथंच जाळतात. ते तिला माहीत होतं. तिनं ते सिनेमात घेतलं होतं. नऊ सेकंद.

पडद्यावर झुंजुमुंजू होतं. सुंदराबाई वाकड्या मोहाखाली पाला पेटवते, ज्योत वर येते, आणि त्याच क्षणी छकुलीच्या रडण्याचा आवाज. कॅमेरा हलतो, फांद्या दिसतात, आभाळ, मग वर्षालीची चप्पल पळताना. छकुलीला साडीच्या झोळीत मोहाच्याच फांदीला टांगलं होतं आणि तिला मुंगी चावली होती. हे तिला आठवत होतं. पहिला शॉट वाया गेला, एवढंच नाव तिनं त्याला मनात दिलं होतं. पुढची फाईल. कॅमेरा आता तिपाईवर, दुसऱ्या झाडासमोर, दोन बहिणींपैकी धाकटीसमोर. चौकटीत कोणी नाही. आणि मग तिचा स्वतःचा आवाज, चौकटीच्या बाहेरून, गोड, छकुलीला थोपटत असल्यामुळं लयीत हलणारा: "सुंदराबाई, एकदा परत पेटवता का? हे झाड चालेल. आता उजेड बरा आहे."

वर्षालीनं थांबवलं. मागं नेलं. परत ऐकलं. एकदा परत. तोच स्वर, शब्दांच्या मधोमध तोच छोटासा आर्जवी उतार. मुंबईच्या त्या दिग्दर्शकाचा आवाज बायकी असता तर असाच लागला असता. ती उठून मोरीत गेली, हात धुतले, परत आली. सुंदराबाई चौकटीत येऊन उभी होती. ती म्हणत होती, "एका दिवशी एकच झाड असते, पोरी. दोन विस्तवावर एक डोळा ठेवता येत नाई." त्यावर छकुलीचा हुंदका आला. सुंदराबाईनं त्या हुंदक्याच्या दिशेनं पाहिलं, आणि मग ती चौकटीबाहेर गेली आणि पळसाच्या डहाळ्यांचा झाडू घेऊन आली.

मग ती झाडत राहिली. वर्षाली तेव्हा बाजूला पाठमोरी बसून छकुलीला पाजत होती. कॅमेरा आपला चालू राहिला होता, कोणी न बघता. सुंदराबाईनं झाडाच्या पसाऱ्याच्या बाहेरून सुरुवात केली. हातभर रुंदीची पट्टी, माती उघडी पडेपर्यंत, विस्तव पलीकडे जाऊ नये म्हणून. वाळलेलं गवत उपटून आत टाकलं. एक मोठी वाळकी फांदी घेराच्या आडवी पडली होती ती तिनं ओढली, दम लागला, बसली, परत उठून ओढली. मधेच वाकून हाताचा तळवा मातीवर फिरवला, चादरीवरच्या सुरकुत्या बघाव्यात तसा. झाडाभोवती घेरा पुरा व्हायला सदतीस मिनिटं लागली. मग तिनं वारा बघितला, चिमूटभर माती सोडून, आणि वर्षालीच्या दिशेनं म्हणाली, "चाल, काढ आता." ज्योत. ती नऊ सेकंद. आणि पुढं, जे वर्षालीनं कधीच उघडलं नव्हतं ते: हिरवी डहाळी घेऊन सुंदराबाई घेऱ्याच्या कडेकडेनं फिरते आहे, ठिणगी दिसली की आपटते आहे, मधेच धावत वाकड्या मोहाकडे जाते, तिथला विस्तव बघते, परत येते. परत जाते. दोन विस्तव आणि एक बाई. पन्नाशी ओलांडलेली, अनवाणी. शेवटी ती राखेत हात घालते, आतपर्यंत, आणि थंड लागल्यावर हात लुगड्याला पुसते.

घेरा कापून मी ज्योत ठेवली, असं वर्षालीच्या मनात आलं, अगदी साध्या शब्दांत, जसं मी दूध उतू घालवलं. पण त्या साध्या शब्दांच्या मागून संताप वर येत होता, आणि तो कोणावर आहे हे वेगळं करता येत नव्हतं. सदतीस मिनिटं कोण बघतो, म्हणून कापली. बघणाऱ्याला काय बघवतं हे आठ वर्षांत तिला जे शिकवलं गेलं होतं ते तिनं कंपनीच्या गाडीबरोबर परत केलंच नव्हतं. आणि साहेबानंही तेच केलं: नऊ सेकंदांतला एक तुकडा घेतला, गोल काढला. दोघांनी एकाच बाईला आपापल्या कामाला लावलं. फरक एवढाच की तिच्या कामाला टाळ्या होत्या. पाळण्यात छकुली कुशीवर वळली आणि वर्षालीला वाटलं, हिचं रडणं त्यात आहे, ती फाईल कोणी ऐकली तर रडणाराही आवाज माझ्याच घरचा, मागणाराही. ती ऐकवली तर पुण्याला म्हटलेलं खोटं ठरणार. जिथं जिथं सिनेमा जायचा होता तिथून तो परत येणार. हिचा सगळाच बनाव, असं म्हणायला लोक टपलेलेच असतात. आणि नाही ऐकवली तर सदतीस मिनिटंही ऐकवता येत नाहीत, कारण ती त्याच फाइलीत आहेत, त्या आवाजाच्या पुढं. आवाज कापून नेता येईल, हे तिला सुचलं. हात माउसवर होता. कापायला चार सेकंद लागली असती. तिनं लॅपटॉप मिटला.

सकाळच्या एसटीनं ती निघाली. धनंजयनं छकुलीची टोपी शोधून दिली. जंगलखात्याच्या ऑफिसच्या ओसरीत बाकावर सुंदराबाई बसली होती, शेजारी रिकामी टोपली आणि स्वीटी. ती टोपली रोज आणते, स्वीटी म्हणाली, साहेबानं लवकर सोडलं तर तिथूनच झाडाकडे जाता यावं म्हणून. सुंदराबाईनं छकुलीचे पाय दाबून पाहिले, वाढली, म्हणाली. वर्षालीकडे तिनं पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि बोलण्याजोगं काही दिसलं नाही.

साहेब तरुण होता, नीट भांग पाडलेला, आणि त्यानं वर्षालीला खुर्ची दिली. सुंदराबाईला आत बोलावलं तेव्हा खुर्ची दिली नाही. तुमचा सिनेमा फार छान आहे मॅडम, तो म्हणाला, घरी मिसेसनं पण पाहिला, फोटोग्राफी अप्रतिम. टेबलावर कागद होता. लाल गोल जरा वाकडा आला होता, एका बाजूनं सुंदराबाईच्या कानावरून गेला होता. वर्षाली म्हणाली की हे मागच्या वर्षीचं आहे, आणि आग आठ दिवसांमागची. साहेबानं समजूतदारपणे मान हलवली. "मान्य. पण सवय दिसते ना, मॅडम." त्याला तिच्याकडून फार काही नको होतं. दृश्य खरं आहे, बाई तीच आहे, एवढंच लिहून सही द्यायची. तिच्यासारख्या शिकलेल्या माणसांनी मदत केली तर जंगल वाचेल.

"नऊ सेकंद खरी आहेत," वर्षाली म्हणाली. "त्याच्या मागची-पुढची पण बघा." आणि तिनं लॅपटॉप त्याच्या टेबलावर, त्या कागदावरच, उघडला.

आवाज आधीच आला. सुंदराबाई, एकदा परत पेटवता का. खोलीत तो तिला घरच्यापेक्षा मोठा लागला. साहेबानं मान वर केली, पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर हसू आलं, जुन्या ओळखीचं सापडावं तसं. म्हणजे मॅडम, तो म्हणाला, आग तुम्हीच लावायला लावली. ती म्हणाली, हो, त्या झाडाखालची. लिहा. तो लिहायला लागला आणि दुसऱ्या हातानं त्यानं पडद्यावरची पट्टी पुढं सरकवायला बोट नेलं, कारण आता नुसतं झाडणं होतं. वर्षालीनं त्याच्या बोटाच्या आड हात ठेवला. आपण असं काही करू हे तिला ठाऊक नव्हतं. "पुढं ढकलायचं नाही," ती म्हणाली. "तीन दिवस ती बसली. तुम्ही सदतीस मिनिटं बसा."

तो बसला, कदाचित खोलीत बाई रागावलेली आणि मांडीवर पोर, म्हणून. पडद्यावर झाडू फिरत राहिला. दारातला गार्ड, नीलेश, हळूच आत येऊन साहेबाच्या मागं उभा राहिला. उघड्या मातीची पट्टी पडत गेली तशी त्याची मान तिच्याबरोबर फिरत गेली, आणि फांदी ओढायची वेळ आली तेव्हा तो कोणालाच न सांगितल्यासारखं म्हणाला, "माही आजी बी असाच घेरा झाडे." साहेबानं त्याच्याकडे पाहिलं. तो तिथंच उभा राहिला.

सुंदराबाई स्वतःला बघत होती. तिनं हा सिनेमा आधी पाहिला होता, स्वीटीच्या मोबाइलवर, आणि त्यात तिचं झाडणं कुठंच नव्हतं; तेव्हा ती काही म्हणाली नव्हती. शहरातल्या लोकांना झाडण्याचं काय, असं तिनं धरलं असेल. वर्षालीला वाटलं आता ती आपल्याला बोलेल. बोलावंच. कालपासून तिनं त्या बोलण्यासाठी आतून जागा करून ठेवली होती. सुंदराबाई पुढं झाली, पडद्यावरच्या दोन बहिणींपैकी धाकटीला बोट लावलं.

"त्या दिशी म्या तुले नाई म्हणाले पायजे होतं," ती म्हणाली. "सासूनं सांगतलं होतं, एका दिवशी एकच झाड. लेकरू रडून राह्यलं होतं, म्हणून केलं. चुकलं ते माहं. पण आग लावाची चूक नोहोय ते. सायबाले सांग बरं नीट."

चूकसुद्धा त्या बाईनं तिच्या हातून काढून घेतली होती, वाकून, आपली म्हणून, जशी ती फूल उचलते. साहेब विचारत होता, म्हणजे नियम मोडला हे कबूल आहे का, आणि पेन कागदावर टेकवून थांबला होता, आणि सुंदराबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की ज्याला झाड ठाऊक नाही त्याला नियम काय सांगावा. तिनं टोपली उचलली. कुठं चाललात, साहेब म्हणाला.

"झाडाखाली," ती म्हणाली. "ऊन चढून राह्यलं." आणि वर्षालीकडे वळून, छकुलीच्या डोक्यावरून हात फिरवत, "तुहं झालं की येजो. लेकराले घेऊन येजो. ते मशीन नको आणू." स्वीटी तिच्या मागं निघाली. नीलेशनं त्यांना अडवलं नाही. दारातून बाजूला झाला आणि मग तिथून साहेबाला दिसणार नाही अशा जागी जाऊन उभा राहिला.

साहेबानं श्वास सोडला, कोरा कागद वर्षालीपुढं सरकवला, आणि ठीक आहे मॅडम, पाहू, तुमचा जबाब तेवढा द्या, असं म्हणाला. कागदावर छापील रकाने होते. नाव, वय, राहणार, धंदा. तिनं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या आणि नवऱ्याच्या आडनावासकट, सावंगीचा पत्ता, गल्ली. धंद्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग तिनं लिहिलं: सिनेमा काढते. त्याखाली, विचारलेलं नसताना: सिनेमातली आग मी सांगितल्यावरून लागली, आणि सुंदरा उईके यांनी ती विझवली. छकुलीनं पडद्याकडे बोट केलं आणि म्हणाली, आजी. पडद्यावर आजी अजून झाडतच होती, पाठ वाकवून, उघड्या मातीची पट्टी मागं सोडत.

साहेबानं लॅपटॉप मिटायला हात पुढं केला. वर्षालीनं तो बाजूला केला.

"अजून अकरा मिनिटं झाडणं आहे, साहेब," ती म्हणाली. "मग विझवणं. बसा."